जुन्या दातांसाठी परदेशी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्षात नुसतं वाकलो तरी कंबर धरते, म्हणून हा कागदावरचाच गोड मानून घे. कागदावर मी अजून बराच लवचिक आहे.)

तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरतेस का, की अजून शेजारीणच सामान वर आणून देते? कानातलं यंत्र कानात असतं की कपाटात? तू मागच्या वेळी म्हणाली होतीस की ते लावलं की लोक काय बोलतात ते ऐकू येतं आणि म्हणूनच ते काढून ठेवावंसं वाटतं. शाळेच्या मुख्याध्यापिकेने इतकी वर्षं पोरांचा गोंगाट ऐकल्यावर तिला शांततेचा हक्क आहे हे मला मान्य आहे, पण रविवारी तरी यंत्र लाव. का ते पुढे येईल. फोनच करणार होतो, पण आमच्या भिंती पातळ आणि आमच्या कन्येचे, टिटवीचे, कान तिखट, शिवाय तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मला ओरडावं लागतं आणि ओरडून सांगण्यासारखं माझ्याजवळ सध्या काही नाही. पत्र लिहिण्याचं कारण तसं विशेष नाहीच.

इकडे सर्व ठीक आहे, म्हणजे स्वयंपाकघराची एक भिंत सोडून. धंदाही बरा चालला आहे. लोकांचे दात पडायचे थांबत नाहीत. डॉक्टर ठसा घेऊन पाठवतात, मी प्लास्टरचा साचा ओततो, मेणात दात बसवतो, कवळी घासूनपुसून परत पाठवतो आणि ज्याच्या तोंडात ती जाते त्याचं तोंडही मी कधी बघत नाही. टिटवी लहानपणी सगळ्यांना सांगायची की आमच्या घरी कपाटभर माणसं हसत बसलेली असतात. आता तीच हसणारी कपाटं सोडून ती चालली आहे. तिला परदेशातल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला हे तुला कळवलंच होतं. विषय कोणता ते तेव्हा मी नीट सांगितलं नव्हतं, कारण मलाच नीट कळलं नव्हतं. तर विषय आहे जुने दात. हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांचे दात उकरून काढायचे आणि त्यावरून ती काय खात होती, आजारी कधी पडली, लहानपणी उपाशी राहिली का, ते ओळखायचं. बापाने आयुष्यभर नवे दात केले, त्यातला एकही हिला पसंत पडला नाही. मी तिला म्हटलं, माझ्या कवळ्याही कधीतरी जमिनीत जाणार आहेत, थोडी थांब, इथेच अभ्यास कर. ती म्हणाली, बाबा, तुमच्या दातांवरून फक्त तुमच्याबद्दल कळेल. हे कौतुक होतं की काय होतं ते मी अजून ठरवलेलं नाही.

परदेशी शिकायला जायचं म्हणजे आधी फोटो काढावा लागतो. तू म्हणशील, त्यात काय मोठं. पण हा फोटो माणसाचा नसतो, संशयिताचा असतो. फोटोवाल्याने तिला स्टुलावर बसवलं, कान उघडे ठेवायला लावले, हनुवटी खाली, नजर समोर, आणि सांगितलं की दात दिसता कामा नयेत. कवळ्या करणाऱ्याच्या मुलीला हे सांगितल्यावर काय होणार! तिला हसू फुटलं. एकदा फुटलं ते आवरेना. फोटोवाला आधी समजुतीने बोलला, मग चिडला, मग म्हणाला, काहीतरी वाईट आठवा. त्याबरोबर ती एकदम गप्प झाली आणि फोटो निघाला. फोटो सगळ्या नियमांत बसला. दुकानातून बाहेर आल्यावर मी विचारलं नाही की तिने काय आठवलं. तिची आई गेली तेव्हा ती शाळेत होती आणि शिपाई तिला वर्गातून बोलवायला आला होता. मला वाटतं तो शिपाई असावा. पण कदाचित दुसरंच काही असेल, आपल्याच मुलांना आपल्याला माहीत नसलेल्या पुष्कळ वाईट गोष्टी आठवत असतात.

फोटोनंतर वकिलात. तिथे मुलाखतीला काय विचारतील याची उजळणी करून घ्यायला एक सल्लागार गाठला होता. (हा गृहस्थ स्वतः कधीही परदेशी गेलेला नाही. मी विचारलं, तर म्हणाला की स्वयंपाकी सगळीकडे जेवतो का?) त्याने तिच्याकडून घोकून घेतलं की शिक्षण संपलं की मी परत येणार, इथे माझं घर आहे, माझे वडील आहेत, माझे पाश इथे आहेत. पाश हा शब्द त्याचाच. मी तिच्या मागे खुर्चीवर बसून हे ऐकत होतो आणि मला पहिल्यांदाच कळलं की सरकारदरबारी मी एक पाश आहे. घरी येताना छातीवर हात ठेवून मी स्वतःला जरा दोरखंडासारखा चाचपून पाहिला. फारच झिजलेला निघालो.

मुलाखतीच्या दिवशी मला आत सोडलं नाही. बाहेर फुटपाथवर आम्ही आईबाप मंडळी हातात पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन उभे होतो, शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर उभे राहतो तसे. आतून कोणी बाहेर आलं की सगळे त्याच्या तोंडाकडे बघायचे. टिटवी बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. व्हिसा मिळाला, एवढंच म्हणाली. शेजारच्या एका बाईने मला मिठी मारली, तिच्या मुलाला मिळाला नव्हता, तरी. बसमध्ये बसल्यावर टिटवीने बाकीचं सांगितलं. आतली अधिकारी बाई चष्म्यावरून बघून प्रश्न विचारत होती. वडील काय करतात? दात करतात. कोणाचे? ज्यांना नाहीत त्यांचे. तेव्हा ती बाई तोंडावर हात ठेवून हसली म्हणे. (पुढचा दात तुटका असणार. हसताना हात वर जातो तो शंभरात नव्वद वेळा त्यासाठीच.) मग तिने सहज विचारलं, तुम्ही गेल्यावर वडिलांजवळ कोण असेल? हा प्रश्न सल्लागाराच्या उजळणीत नव्हता. टिटवीला उत्तर येईना. ती काचेसमोर उभी राहिली आणि बाई वाट बघत राहिली, आणि शेवटी बाईनेच नजर खाली घालून शिक्का मारला. म्हणजे घर, पाश, परत येणार, हे घोकलेलं सगळं फुकट गेलं आणि व्हिसा मिळाला तो एका गप्प बसण्यावर. मी म्हटलं, मग छानच झालं की! ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, हो.

त्या दिवसापासून आमच्या घरात तयारी कोणाची चालली आहे तेच कळेनासं झालं. जाणार ती, आणि शिकवणी माझी. भात किती पाण्यात, अंडं किती वेळ, कपडे धुण्याच्या यंत्राचं कोणतं बटण दाबायचं आणि कोणतं जन्मात दाबायचं नाही, रक्तदाबाची गोळी कोणती आणि झोपेची कोणती. मी तिला म्हटलं, अगं, तू जन्मायच्या आधीही मी जेवत होतो. ती म्हणाली, तेव्हा आई होती. त्याच्या आधी? तेव्हा आत्या होती. हिशेब लावून बघितला तर खरंच मी आयुष्यात सलग एकटा असा राहिलोच नाही. एका बाईच्या हातून दुसरीच्या हाती, पार्सलासारखा आलो आहे. आता पहिल्यांदाच पार्सल घ्यायला दारात कोणी नाही.

मधे एक दिवस तिच्यासाठी कोट बघायला गेलो. तिकडे थंडी अशी की म्हणे डोळ्यांतलं पाणी गालावर गोठतं. (रडायची सोय नाही म्हणजे.) आमच्या इथे उकाड्याने जीव चाललेला आणि आम्ही एका जुन्या कपड्यांच्या दुकानात पंख्याखाली लोकरीचे कोट घालून बघतोय. दुकानदार घामाने निथळत प्रत्येक कोटाची बटणं लावून दाखवत होता, जणू बर्फ आत्ता दारातून आत येणार आहे. टिटवीने एक गडद निळा कोट घातला आणि आरशाकडे वळली. ताई, पाठमोरी ती हुबेहूब तिच्या आईसारखी दिसली. तोच खांद्याचा उतार, मान जराशी डावीकडे. समोरून ती आपल्या घराण्यावर गेली आहे, नाक वगैरे, त्यामुळे इतकी वर्षं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी घाईघाईने म्हणालो, हा नको, रंग चांगला नाही. ती म्हणाली, रंग तर छान आहे. मी म्हणालो, मळखाऊ नाही. गडद निळा मळखाऊ नाही म्हणणारा मी जगातला पहिला माणूस असेन. दुकानदारही माझ्याकडे बघत राहिला. मग मीच तो घेतला. आता तो दाराच्या मागे खुंटीवर टांगलेला आहे आणि मी त्या दाराने जा-ये करताना जरा बाजूला होऊन जातो, वाट द्यावी तसा.

आता भिंतीचं सांगतो, म्हणजे तुला दुसरीकडून कळायला नको. माझ्या कामाच्या खोलीतली शेगडी बिघडली होती म्हणून मी मेणाचं पातेलं स्वयंपाकघरात गॅसवर ठेवलं. तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला की एका आजोबांची कवळी बोलताना टकटक वाजते आणि ते दवाखान्यातच वाजवत बसले आहेत, ताबडतोब या. मी गेलो. मेण राहिलं. मेणाला माझी वाट बघण्याची सवय नाही, ते पेटलं. धूर बघून समोरचे निवृत्त बँडमास्तर धावत आले. माणूस धीराचा, पण पेटलेल्या मेणावर पाणी ओतू नये हे बँडमध्ये शिकवत नाहीत. त्यांनी अख्खी बादली ओतली. जाळ छतापर्यंत गेला. मी परत आलो तेव्हा टिटवी ओली गोणपाटं हातात घेऊन काळ्याठिक्कर भिंतीसमोर बसली होती, आग विझली होती, आणि बँडमास्तरांची अर्धी मिशी गेली होती. (उरलेली अर्धी त्यांनी अजून काढलेली नाही. मला वाटतं ती मला दाखवायला ठेवली आहे.) मी वातावरण हलकं व्हावं म्हणून म्हटलं की आजोबांची टकटक मात्र थांबली. कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना ती म्हणाली, “बाबा, मी जात नाहीये.”

“कुठे?” मला वाटलं, दुकानात.

“तिकडे. विद्यापीठाला कळवते. पुढच्या वर्षी बघू.”

“पुढच्या वर्षी काय मी तरुण होणार आहे?”

“नाही. पण तोवर काहीतरी होईल.”

“काय होईल?”

तिने उरलेला चहा मोरीत ओतला. माझ्या वयाच्या माणसाला तोवर काहीतरी होतं म्हणजे काय होतं, ते तिलाही माहीत आणि मलाही. तिला ते म्हणायचं नव्हतं, बिचारीच्या तोंडून निसटलं. पण ताई, पोरगी माझ्या मरणाची वाट बघत बसणार, तेही प्रेमाने, आणि मी इतका कोडगा की त्या वाटेवर तिला पुष्कळ वर्षं बसवून ठेवणार. आपल्या घराण्यात माणसं लवकर जात नाहीत. तिकडे ते हजारो वर्षांचे लोक तिची वाट बघताहेत, त्यांना घाई नाही हे खरं, पण तिची वर्षं तर मोजकीच आहेत ना? मी उठून कामाच्या खोलीत गेलो आणि एका बाईंचा सुळा घासायला घेतला, आणि घासत राहिलो, आणि भानावर आलो तेव्हा चिमटीत सुळाच नव्हता. अख्खा घासून संपवला होता. तो पुन्हा करावा लागला.

दुपारी जेवताना मी तिला एक गोष्ट सांगितली. कोणती ते इथे सांगायची गरज नाही. तिने दोनदा विचारलं, खरंच? मी दोनदा हो म्हणालो. मग तिने शांतपणे जेवण संपवलं, ताट घासलं आणि संध्याकाळी तिकीट काढून आली. तर असं सगळं सुरळीत झालं. आता बॅग दिवाणखान्यात उघडी पडली आहे, ती रोज भरते आणि रोज काही काढते. मी गुपचूप एक प्लास्टरचा साचा आत ठेवला होता, तिचाच, दुधाचे दात पडायच्या आधी घेतलेला. तिने तोही बाहेर काढून टेबलावर ठेवला. वजन होतं म्हणाली. बरोबरच आहे, प्लास्टर जड असतं. पुढच्या आठवड्यात या वेळी ती गेलेली असेल आणि मी हे असंच टेबलाशी बसलेला असेन. काही बदलणार नाही, फक्त घरातला आवाज जाईल. लोक म्हणतात सवय होते. मला भीती सवय न होण्याची नाही, होण्याची आहे.

गुडघ्याला जप. पायरीवर बसू नकोस, गार लागतं. मोठ्यांचा आशीर्वाद असतो असं म्हणतात, तो असाच माझ्यावर असू दे, बाकी काही मागणं नाही.

तुझा,
दातवाला

ता. क. मागणं एक आहे. रविवारी सकाळी टिटवी तुला फोन करणार आहे. मी तिला जेवताना जी गोष्ट सांगितली ती अशी, की तू तिथलं बिऱ्हाड मोडून कायमची माझ्याकडे राहायला येते आहेस. ती विचारेल तेव्हा हो म्हण. एवढंच. नुसतं हो. ओरडून म्हणालीस तरी चालेल.

दुसरा ता. क. तू उभ्या आयुष्यात खोटं बोलली नाहीस याची मला पूर्ण कल्पना आहे. सख्ख्या भावाला परीक्षेत नापास करणारी मुख्याध्यापिका तू, आणि ते योग्यच होतं. पण या वेळी जरा सांभाळून घे. विसंगती नको म्हणून सगळं सांगून ठेवतो. जिन्याचा तुला कंटाळा आला आहे. शेजारीण आता सामान आणायला कुरकुरते. आणि हे तू स्वतःहून सुचवलंस, मी काही बोललो नव्हतो. हे शेवटचं पचवायला तिला सगळ्यात कठीण गेलं, “आत्या स्वतः म्हणाली?” असं तिने ज्या पद्धतीने विचारलं त्यावरून. तेव्हा तेवढं ठासून सांग.

तिसरा ता. क. प्रत्यक्ष यायचं कारण नाही, हे वेगळं सांगायला नकोच. इतक्या वेळा बोलावलं, तू आली नाहीस, तुला तुझं घर प्यारं आहे, ते मी समजू शकतो. मागच्या खोलीतल्या प्लास्टरच्या गोण्या मी बाहेर काढल्या आहेत, पण ते आपलं खोट्याला टेकू म्हणून. त्या खोलीला सकाळचं ऊन येतं. पलंग जरा उंच करून घेतला, म्हणजे उठताना गुडघ्यावर भार येत नाही, आणि न्हाणीघरात भिंतीला धरायला एक दांडी बसवली. हेही तिने बघावं म्हणूनच. गैरसमज करून घेऊ नकोस.

आत्या, मी टिटवी. पत्ता माझ्या अक्षरात चांगला येतो म्हणून बाबांनी पाकीट माझ्याकडे दिलं आणि चिकटवायला विसरले. मी वाचलं, त्याबद्दल हवं तर रागाव. ते जेवताना सांगत होते तेव्हाच ते खोटं आहे हे मला कळलं होतं. घामाघूम झाले होते, घास हातात तसाच, आणि तरी थांबत नव्हते, तुझा जिना, तुझी शेजारीण, काय काय. मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी आणखी काहीतरी रचलं असतं. म्हणून तिकीट काढलं. रविवारी मी फोन करीन तेव्हा ते माझ्या शेजारी उभे असतील, तर हो म्हण, आणि मला कळलंय हे त्यांना कळू देऊ नकोस. दुपारी ते कवळ्या पोचवायला बाहेर जातात. तेव्हा मी पुन्हा फोन करीन. तेव्हा मात्र येणार की नाही, खरं काय ते सांग, यंत्र लावून. न्हाणीघरातल्या दांडीला मी लोंबकळून पाहिलं. पक्की आहे.